वाडीची टोपली

(धर्मग्रामाच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



महोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूनें पूर्वजांचे उपकार स्मरावे, मंदिराच्या बांधणीचा इतिहास सांगावा व शेवटीं देणगीदारांचे आभार मानावे, असा शिरस्ता आहे. तें कार्य आमच्या आधीं बोललेल्या वडीलधाऱ्या मंडळींनीं उत्तम रीतीनें पार पाडिलें आहे. म्हणून आज आपणांपुढें एक साधा, घरगुती विषय मांडण्याची परवानगी आम्ही घेतों. हा विषय म्हणजे भाजीची टोपली. आपल्या वसईच्या पट्टींतील एखादा वाडीवाला त्या त्या ऋतूंत आपल्या वाडींत जें पिकेल तें दर आठवड्यास टोपलींत भरतो व ठरलेल्या घरांस देतो. आणि त्या घरांनीं हंगामाच्या आरंभींच त्याचें मोल दिलेलें असतें. व्यवहार एवढाच आहे. परंतु या लहानशा व्यवहारांत एक मोठें वचन सांठविलेलें आहे, आणि त्या वचनाची परीक्षा टोपली उणी येते त्या दिवशीं होते. हेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे.

वाडी हा शब्द आपणांस नवा नाहीं. आपल्या पूर्वजांनीं या जमिनींत विहिरी खोदिल्या, त्यांवर रहाट बसविले, पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं बावखलें राखिलीं, आणि पाटाच्या पाण्यावर केळी, पानवेली, फुलें व भाजीपाला वाढविला. राजेळी केळीं सोलून उन्हांत वाळविलेलीं आगाशीकडील सुकेळीं दूरदूरच्या घरांत पोहोंचलीं. पहाटेच्या आगगाडीनें भाजीची टोपली घेऊन मुंबईच्या उपनगरांत दारोदार फिरणारी आपली बाई ही कित्येक घरांचा खरा आधार होती. आज येथें बसलेल्या शिक्षकांपैकीं, परिचारिकांपैकीं व कारकुनांपैकीं किती जणांच्या शाळेची फी त्या टोपलीनें भरली, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं करावा.

त्या जुन्या व्यवहारांत मात्र एक उणीव होती. पाऊस बाईचा, ऊन बाईचें, कीड बाईची. भाव तेवढा दुसऱ्याचा. सायंकाळीं उरलेली भाजी मिळेल त्या पैशांत देऊन तिला परतीची गाडी गांठावी लागे. ती भाजी खाणाऱ्यास तिची वाडी कोठें आहे हें ठाऊक नसे, आणि वाडी बुडाली तरी तो दुसऱ्या टोपलीकडे वळे. यांत कोणाचें पाप होतें असें आम्ही म्हणत नाहीं. बाजाराचा स्वभावच तसा आहे. त्यास वस्तु दिसते, वस्तूमागचें घर दिसत नाहीं.

आज हें अंतर अधिकच वाढलें आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांप्रमाणें, गिऱ्हाइकानें टोमॅटोवर खर्चिलेल्या रुपयांतून शेतकऱ्याच्या हातीं सुमारें ३३ पैसे पडतात. कांद्यांत ३६, बटाट्यांत ३७, आणि केळ्यांत सुमारें ३१. बाकीचे पैसे वाहतूक, हमाली, आडत, नासाडी व मधल्या हातांचा नफा यांत वांटले जातात. मधले सर्वच लोक लबाड असतात असें मुळींच नाहीं. मालाची गाडी हांकणाऱ्यासहि मुलेंबाळें आहेत. परंतु जेथें खाणारा व पिकविणारा एकाच मंदिराच्या घंटेच्या टप्प्यांत राहतात, तेथें भाजीनें शहराची प्रदक्षिणा करून परत त्याच गांवीं कां यावें? महाराष्ट्र शासनानें २०१६ सालीं फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून वगळिला. शेतकऱ्यानें थेट घरीं माल देण्यास तेव्हांपासून ती आडकाठी राहिली नाहीं. कायद्यानें दार उघडून दिलें आहे. दारापलीकडे घेणारा मात्र आपणच उभा केला पाहिजे.

टोपलीची ही कल्पना आम्हीं काढिलेली नाहीं, किंवा ती अगदीं नवीहि नाहीं. अनुवादाच्या २६ व्या अध्यायांत इस्राएल लोकांस जी आज्ञा आहे ती आपणांस ठाऊक असेल. भूमीचीं प्रथमफळें टोपलींत घालून याजकाकडे आणावीं, आणि मग आपल्या घरच्यांनीं, लेव्यांनीं व आपल्यांत राहणाऱ्या परक्यांनीं मिळून आनंद करावा, असें तेथें सांगितलें आहे. टोपली आणणारा, ती स्वीकारणारा व परका, असे तिघे त्या एका टोपलीनें जोडिले जात. मुंबई-ठाण्याकडील आपले ईस्ट इंडियन बांधव ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं आगेऱ्याचा सण पाळितात व भाताच्या नव्या लोंब्या मंदिरांत आणून त्यांवर आशीर्वाद मागतात, त्यांतहि हाच भाव आहे. पिकविणारा व खाणारा हे एकाच दात्यापुढें हात जोडून उभे राहतात.

आपल्या काळांत या कल्पनेस व्यवस्थित रूप मिळालें तें प्रथम जपान देशांत. तेथें मिनामाटा गांवीं कारखान्यांतून आलेल्या पाऱ्यानें दूषित झालेले मासे खाऊन माणसें पंगु होत असल्याचें १९५६ सालापासून उघडकीस येऊं लागलें. पुढें शेतांत फवारल्या जाणाऱ्या विषांविषयींहि गृहिणींच्या मनांत धास्ती बसली. १९७१ सालीं सहकारी चळवळींतील तेरुओ इचिराकु या गृहस्थांनीं सेंद्रिय शेतीसाठीं एक संस्था स्थापिली, आणि शहरांतील गृहिणींचीं मंडळें शेतकऱ्यांशीं थेट करार करूं लागलीं. या पद्धतीस तेथें 'तेइकेइ' म्हणतात. म्हणजे परस्परांनीं हात धरून चालणें. १९७८ सालीं त्यांनीं तिचीं दहा तत्त्वें लिहून काढिलीं. काय पेरावें हें दोघांनीं आधीं बोलून ठरवावें, त्याप्रमाणें पिकलेलें सर्व घ्यावें, किंमत ठरवितांना दोघांनींहि समजुतीनें वागावें, माल स्वतःच वांटावा, मंडळाचा आकार बेताचा ठेवावा, अशीं तीं तत्त्वें आहेत. त्यांत शेतकऱ्याच्या पिकाइतकीच खाणाऱ्याच्या वर्तनाची काळजी घेतलेली आहे, हें आम्हांस विशेष वाटतें.

अमेरिकेंत १९८६ सालीं दोन ठिकाणीं असाच आरंभ झाला. एक मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील इंडियन लाइन या मळ्यावर, रॉबिन व्हॅन एन या बाईंच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या हातून. दुसरा न्यू हॅम्पशायर संस्थानांतील टेंपल-विल्टन या मळ्यावर. या दुसऱ्या मळ्याची रीत ऐकण्यासारखी आहे. तेथें टोपलीस ठराविक किंमतच नसते. वर्षाचा एकंदर खर्च सभेपुढें मांडितात, आणि प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणें आंकडा सांगतें. बेरीज भरली नाहीं तर पुन्हां एक फेरी होते, आणि ज्यास शक्य असेल तो थोडें वाढवितो. फ्रान्समध्यें व्हुयों नांवाच्या शेतकरी दांपत्यानें ही पद्धत अमेरिकेंत पाहिली व २००१ सालीं तुलों शहराजवळील आपल्या मळ्यावर आणिली. आपल्या मुंबईंतहि शेतकरी व ग्राहक यांच्या एका संघटनेनें 'हरीभरी टोकरी' या नांवानें अशी साप्ताहिक टोपली चालविली आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या आपल्या परिपत्रांत लहान शेतकऱ्यांची बाजू घेतली, ती याच कारणासाठीं. थोड्या जमिनींत व थोडी नासाडी करून जगांतील बहुसंख्य लोकांस तेच अन्न पुरवितात, याची आठवण त्यांनीं करून दिली.

आतां आपल्या धर्मग्रामांतील प्रयोगाकडे वळूं. गेल्या वर्षीं पुनरुत्थानाच्या सणानंतर आपल्यांतील एका वाडीवाल्या दांपत्यानें कांहीं घरांशीं असा करार केला. पैसे दोन हप्त्यांनीं द्यावयाचे, अर्धे मे महिन्यांत व अर्धे ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवास. जूनपासून फेब्रुवारीपर्यंत दर शनिवारीं सायंकाळीं मंदिराच्या सभागृहाच्या ओसरीवर बांबूच्या टोपल्या मांडावयाच्या. प्रत्येकानें आपली उचलावी व मागील आठवड्याची रिकामी परत आणावी.

मे महिन्यांतला हप्ता हा या व्यवस्थेचा कणा आहे, तो कां हें सांगितलें पाहिजे. बीं, खत, मांडवासाठीं बांबू, विहिरीवरच्या पंपाची दुरुस्ती, मजुरी, हें सर्व पावसाच्या तोंडावर एकदम पुढें येतें, आणि नेमकें तेव्हांच वाडीवाल्याच्या हातांत कांहीं नसतें. मग तो उसनवार करितो, आणि उगवलेलें पीक आधींच दुसऱ्याचें झालेलें असतें. खाणाऱ्यानें आगाऊ दिलेला पैसा हा बिनव्याजी असतो, आणि तो भाजीच्या रूपानें फिटतो. शिवाय किती घरें आहेत हें ठाऊक असल्यामुळें पेरणीहि मोजून होते. माठ, मुळा, मेथी यांसारख्या भाज्या महिना-दीड महिन्यांत हातीं येतात. म्हणून त्यांचे वाफे एकदम न पेरतां दर पंधरा दिवसांनीं थोडे थोडे पेरावे लागतात, तेव्हां कोठें प्रत्येक शनिवारीं कोंवळी जुडी मिळते. हें गणित त्या घरची बाई एका वहींत मांडिते. ती वही आम्हीं पाहिली आहे. ती एखाद्या शिक्षकाच्या टांचणापेक्षां कमी नीटनेटकी नाहीं.

टोपलींत काय येतें? पावसाळ्यांत शिराळीं, पडवळ, दुधी, काकड्या, कारलीं, भेंडी व अळू. पाऊस ओसरला कीं चवळीच्या शेंगा, लाल भोपळा व मुळे. हिंवाळ्यांत वांगीं, टोमॅटो, पालक, मेथी, कोथिंबीर व वालाच्या शेंगा. केळीं तर सदासर्वदा. कधीं वेलची, कधीं राजेळी, कधीं भाजीसाठीं कच्चीं. जुलै महिन्यांत कोबी मागूं नये व जानेवारींत पडवळ मागूं नये, हा धडा मोठ्या माणसांसहि नव्यानें शिकावा लागला. बाजारांत बाराहि महिने सर्व कांहीं मिळूं लागल्यापासून ऋतूंची नांवें आपल्या जिभेवरून पुसत चाललीं होतीं. मंदिरांत आपण आगमनकाल, उपवासकाल, पुनरुत्थानकाल असे काल पाळितों. ताटांतहि असे काल असतात, त्यांत वाट पाहणें असतें आणि म्हणून गोडीहि असते.

गेल्या जुलै महिन्यांत मात्र परीक्षा झाली. तीन दिवस व तीन रात्री पाऊस थांबला नाहीं. वाफे पाण्याखालीं गेले, दुध्यांचा मांडव कोसळला, भेंडी कुजली. त्या शनिवारीं टोपल्या आल्या, परंतु प्रत्येकींत अळूचीं पानें, एक केळफूल व चार कच्चीं केळीं, एवढेंच होतें. सोबत एक चिठ्ठी होती : या आठवड्यास वाडींत एवढेंच आहे. त्या दिवशीं घाऊक बाजारांतून भाजी आणून टोपल्या भरणें कांहीं कठीण नव्हतें, आणि तें कोणास कळलेंहि नसतें. त्या दांपत्यानें तसें केलें नाहीं. दुसऱ्याच्या शेतांतील भाजी आपली म्हणून देणें त्यांच्या मनास पटलें नाहीं. उणी टोपली खरेपणानें देण्यास भरलेल्या टोपलीपेक्षां अधिक धैर्य लागतें.

आतां घेणाऱ्यांचें ऐका. कांहीं घरांनीं कुरकूर केली, कांहींनीं पुढील हप्ता देण्याचें नाकारिलें, एका घरानें पैसे परत मागितले. आणि ते त्यांस परत मिळाले. त्यांस आम्ही दोष देत नाहीं, कारण आपण भाजी विकत घेत आहों अशीच त्यांची समजूत होती, आणि विकत घेणाऱ्याचा तो हक्क असतो. परंतु बहुतेक घरें राहिलीं. रविवारच्या मिस्साबलीनंतर पांच-सात तरुण कुदळी घेऊन वाडींत गेले व त्यांनीं पाण्यास वाट करून दिली. निवृत्तिवेतनावर राहणाऱ्या आपल्या एका वृद्ध आजीबाई ओसरीवर टोपली उचलतांना त्या बाईला म्हणाल्या, "बाय, आमची टोपली उणी आली खरी, पण तुझी तर वाडीच बुडाली." आमच्या मतें या एका वाक्यांत सर्व करार आला. पुढें ऑक्टोबर महिन्यांत इतके पीक आलें कीं टोपल्यांवर चवळीच्या जुड्या रचून द्याव्या लागल्या, आणि त्या वाढीव भाजीचा कोणीं एक पैसाहि मागितला नाहीं. तोट्यांत जो भागीदार झाला, तोच विपुलतेंतहि भागीदार झाला.

या व्यवस्थेवर जे आक्षेप येतात त्यांचाहि विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा, कीं बाजारांत भाजी स्वस्त मिळते. कांहीं आठवडे मिळते, हें खरें आहे. परंतु संततधार पावसांत किंवा सणाच्या तोंडावर बाजारभाव चढतो तेव्हां टोपलीचा भाव चढत नाहीं. हिशेब आठवड्याचा न करितां हंगामाचा करावा.

दुसरा आक्षेप मातांचा आहे. मुलें पडवळ खात नाहींत, आणि केळफुलाचें काय करावें हें सुनांस ठाऊक नाहीं, असें त्या म्हणतात. परंतु घरोघरीं आजी आहेत ना? केळफूल सोडण्यापूर्वीं हातास तेल लावावें, प्रत्येक फुलांतला कठीण दांडा व पापुद्रा काढून टाकावा, आणि चिरलेलीं फुलें ताकाच्या पाण्यांत भिजत ठेवावीं म्हणजे काळीं पडत नाहींत, हें शास्त्र ज्या हातांस येतें ते हात कांहीं वर्षांत आपणांस अंतरतील. दुध्यांत सुकट घालून आजीनें केलेलें कालवण नातवानें बोटें चाटून खाल्ल्याचें एका घरीं आम्हीं स्वतः पाहिलें आहे. टोपलीनें त्या घरांत भाजी आणिली आणि आजीस तिची जागा परत दिली.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा. ज्यास महिनाअखेर गांठणेंच जड जातें, त्यानें आगाऊ पैसे कोठून द्यावे? हा आक्षेप रास्त आहे. त्यासाठीं टेंपल-विल्टनची रीत आपण अंशतः उचलावी, असें आम्ही सुचवितों. ज्यांस शक्य आहे त्यांनीं टोपलीच्या मोलाहून थोडें अधिक लिहावें, ज्यांस शक्य नाहीं त्यांनीं कमी लिहावें. कोणीं किती लिहिलें हें वहीबाहेर जाऊं नये. कोणास पैशांऐवजीं वाडींत खुरपणीस किंवा शनिवारच्या वांटपास हात द्यावयाचा असेल तर तोहि मोल म्हणून धरावा. शिवाय दर आठवड्याच्या दोन टोपल्या संत व्हिन्सेंट दि पॉल संस्थेच्या हातीं द्याव्या, म्हणजे त्या योग्य घरीं गाजावाजा न होतां पोहोंचतील. शेताचे कोपरे गरिबांसाठीं व परक्यांसाठीं राखण्याची जी जुनी आज्ञा आहे, ती पाळण्याचा हा आपल्या काळचा एक मार्ग होय.

वाडीवाल्यांनींहि आपली बाजू सांभाळिली पाहिजे. वाडींत काय फवारिलें, काय नाहीं, हें विचारणाऱ्यास उघड सांगावें. हंगामाअखेर जमाखर्च सर्वांपुढें ठेवावा. नुसता वाडीवर विश्वास ठेवा असें सांगून भागत नाहीं. वाडीचें फाटकहि घेणाऱ्यांस उघडें असलें पाहिजे.

आतां हा विषय महोत्सवाच्या दिवशींच कां काढिला, तें सांगतों. त्या दांपत्याकडे या वर्षीं दोन मागण्या आल्या आहेत. एक त्यांच्या विहिरीच्या पाण्याची, टँकरसाठीं; दुसरी जमिनीची, इमारतीसाठीं. टँकरचा पैसा रोज रोख मिळतो व त्यास पावसाची भीति नसते. परंतु समुद्रकांठच्या जमिनींतून गोडें पाणी बेसुमार उपसलें तर खारें पाणी आंत सरकतें, आणि मग ज्यानें उपसा केला त्याच्याच नव्हे, शेजाऱ्याच्या विहिरीचेंहि पाणी बिघडतें. याच पाण्यासाठीं व जमिनीसाठीं १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकारानें हरित वसई संरक्षण समितीनें आवाज उठविला, आणि आपल्यांतील कित्येक वडीलधारे त्या मोर्चांत चालले होते. फादर दिब्रिटो २०२४ सालीं आपणांस सोडून गेले. मोर्चांत चालणें हें एका दिवसाचें धैर्य होतें. त्याच वाडींतील भाजी दर शनिवारीं घरीं नेणें हें सोपें आहे, परंतु तें वर्षभर करावें लागतें, आणि वाडी टिकते ती अशा सातत्यानेंच. वाडी विकूं नका असें विकणाऱ्यास उपदेशिणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. त्याच्या वाडींतील पीक आम्ही घेऊं असें म्हणणारे थोडे आहेत. ज्यास पिकवून पोट भरतां येत नाहीं, त्यानें जमीन विकली तर त्यास बोल लावण्याचा आपणांस अधिकार नाहीं.

त्या दांपत्यानें आम्हांस असें सांगितलें आहे, कीं येत्या १ मेपूर्वीं चाळीस घरांनीं संपूर्ण हंगामाचें वचन दिलें, तर दोन्ही मागण्या नाकारून ते पुढील वर्ष वाडी राखतील. मागील वर्षाचीं घरें धरूनहि अजून निम्मीं घरें हवीं आहेत. धर्मग्रामाच्या कचेरींत आजपासून एक वही ठेविली आहे. तींत नांव लिहिण्यापूर्वीं पतिपत्नींनीं घरीं बसून विचार करावा. दोन आठवडे टोपली घेऊन पाहूं, असा विचार असेल तर नांव लिहूं नये. त्यांना बाजार आहेच. जुलै महिन्यांतली उणी टोपलीहि आपली म्हणून उचलण्याची ज्यांची तयारी असेल, त्यांनींच लिहावें. पहिलें नांव आमच्या धर्मगुरुनिवासाचें आहे, व तें आम्हीं संपूर्ण हंगामासाठीं लिहिलें आहे.

ज्यांनीं हें मंदिर बांधिलें, त्यांच्या हातांस मातीचा वास होता. त्यांचें स्मरण शिलालेखानें होतें, घंटेनें होतें, आणि आजच्या या सोहळ्यानेंहि होतें; परंतु त्यांच्या वाड्यांपैकीं एक वाडी जरी आपल्या शब्दावर हिरवी राहिली, तर तें स्मरण त्यांस अधिक आवडेल असा आमचा विश्वास आहे. जो बीं पेरणाऱ्यास बीं व खाणाऱ्यास भाकर देतो, तो प्रभु आपल्या सर्वांच्या घरांस, विहिरींस व वाफ्यांस आशीर्वाद देवो, आणि पिकविणाऱ्या व खाणाऱ्या हातांस एकत्र जोडून ठेवो, एवढीच प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.